हवामान केंद्र चालू आहे, पण पाऊस कमी भरतोय? कुठून तपासायचं ते क्रमाने

द्राक्षबागेतलं, शाळेच्या आवारातलं किंवा सोसायटीच्या गच्चीवरचं छोटं हवामान केंद्र पार बंद पडलं तर फारसा घोळ होत नाही. मोबाइलवर आकडे यायचे थांबतात, कुणाच्या तरी लक्षात येतं, दुरुस्ती होते. घोळ होतो तो केंद्र चालू असताना. दर पंधरा मिनिटांनी आकडा येतोय, आलेख छान दिसतोय, आणि सप्टेंबरअखेर बेरीज मारावी तर हंगामाचा पाऊस शेजारच्या केंद्राच्या निम्म्यावर. तोवर जून-जुलै गेलेले असतात आणि गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

दिंडोरी, निफाड, सिन्नर आणि नाशिक शहर या पट्ट्यात अशी केंद्रं दुरुस्त करताना तेच तेच बिघाड सापडतात. लोक मात्र बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी लॉगर (नोंदी साठवणारी पेटी) उघडतात, मग सेन्सर बदलतात, पैसे घालवतात आणि सगळ्यात शेवटी पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात डोकावतात. इथे आधी फुकटच्या तपासण्या दिल्यात, मग खर्चाच्या.

लक्षणं काय दिसतात

कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी मागच्या महिनाभराच्या नोंदी उघडून बघा. बिघाडाची जागा बऱ्याचदा आकड्यांतच दिसते.

- पाऊस थांबून तास-दोन तास झाले, आभाळ मोकळं आहे, तरी पर्जन्यमापक थोड्या थोड्या वेळाने ०.२ मिमी नोंदवतोच आहे.
- रिमझिम बरोबर येते, पण जोराच्या सरीत आकडा फारच कमी.
- आजूबाजूला सगळीकडे पाऊस झाला, आपल्याकडे चार दिवस ०.०.
- ढगाचा ठिपका नाही आणि संध्याकाळी सहा वाजता ०.४ मिमी पाऊस.
- रोजचे आकडे जुळत नाहीत, महिन्याची बेरीज मात्र जवळपास जुळते.
- आकडा शेजारच्यापेक्षा नेमका दुप्पट, निम्मा किंवा अडीचपट.
- पहाटे तीन ते सातच्या नोंदीच नाहीत, आणि थंडीत आपलं किमान तापमान सगळ्यांपेक्षा दोन-तीन अंश जास्त.
- तारखेच्या रकान्यात मधूनच १ जानेवारी २००० उगवते.

शेवटच्या दोन लक्षणांचा पावसाशी संबंध नाही असं वाटतं, पण हंगामाच्या नोंदीत सगळ्यात मोठी भोकं तीच पाडतात. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

खुर्चीतून न उठता करायची तपासणी

केंद्र बिघडलंय अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा केंद्र ठणठणीत असतं, तुलनाच चुकलेली असते.

भारतीय हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ असा धरतो आणि २४ तासांचा पाऊस मोजणीच्या सकाळच्या तारखेला लिहितो. आपला लॉगर बहुधा मध्यरात्री दिवस बदलतो. समजा ७ जुलैच्या रात्री दहापासून ८ जुलैच्या पहाटेपर्यंत ४० मिमी झाला. खात्याच्या नोंदीत तो अख्खा ८ तारखेला जाईल. आपल्याकडे १० मिमी ७ला आणि ३० मिमी ८ला दिसेल. दोन्ही बरोबरच आहेत. रोजचे आकडे जुळत नाहीत पण महिना जुळतो, या लक्षणाचं कारण जवळजवळ नेहमी हेच. लॉगरच्या सेटिंगमध्ये दिवस साडेआठला बदलायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर तासाच्या नोंदी घेऊन बेरीज स्वतः मारा.

याच्याच जोडीला घड्याळ. काही लॉगर भारतीय वेळ न धरता जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि साडेपाच तास मागे राहतात. ओळखायला तापमानाचा आलेख पुरतो. दिवसाचं कमाल तापमान साधारण दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान यायला हवं आणि किमान सूर्योदयाच्या आसपास. आलेखात दुपारचं ऊन सकाळी साडेनऊला पडत असेल, तर सेन्सर बदलू नका, घड्याळ लावा.

मग हंगाम कधीपासून धरला ते बघा. हवामान विभागाचा पावसाळा १ जून ते ३० सप्टेंबर. मार्च ते मे हा त्याच्या आधीचा वेगळा हंगाम, ऑक्टोबर ते डिसेंबर त्यानंतरचा. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोहोचला आणि राज्यभर मे महिना भिजला. ज्यांनी तो पाऊस हंगामी बेरजेत धरला त्यांचे आकडे फुगले, ज्यांनी नाही धरला त्यांना केंद्र कमी दाखवतंय असं वाटलं. गावात आणखी एक हिशेब चालतो तो नक्षत्रांचा. 'मृगात किती झाला, हत्तीत किती झाला' हा प्रश्न अगदी योग्य आहे, पण मृग ७-८ जूनला लागतं. त्या बेरजेची १ जूनपासूनच्या बेरजेशी तुलना केली तर तफावत निघणारच.

शेवटची गोष्ट अंतराची. नाशिक जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होतो. इगतपुरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पडतो आणि तिकडे येवला-सिन्नरच्या पूर्व भागात ५००-६०० मिमीवर समाधान मानावं लागतं. सातपूरला धो धो आणि नाशिकरोडला रस्ता कोरडा, हे तर शहरात कुणालाही ठाऊक आहे. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की हमखास फोन येतो. 'दादा, इकडे पूर आलाय अन् तुमचं मशीन बारा मिलिमीटर म्हणतंय!' मशीन बरोबर म्हणत असतं. ते पाणी गंगापूर धरणातून सोडलेलं असतं आणि धरणाचं पाणलोट क्षेत्र त्र्यंबकेश्वरच्या बाजूला आहे. नदीवरून आपल्या अंगणातला पाऊस ठरवता येत नाही.

आकडा ठरावीक पटीत चुकत असेल तर सेटिंगमध्ये 'एका टिपला किती मिमी' हे तपासा. नरसाळ्याखाली टिपिंग बकेट असते, म्हणजे दोन कप्प्यांचं डोलणारं भांडं. एक कप्पा भरला की ते पलटतं, त्या एका पलटीला टिप म्हणतात. ही बकेट ०.२, ०.२५ किंवा ०.५ मिमीची असते, आणि आपल्या बकेटवर कंपनीने तो आकडा छापलेला असतो. बकेट ०.५ची आणि सेटिंग ०.२ असेल तर पाऊस अडीचपट कमी दिसणार. लॉगर बदलल्यावर किंवा रीसेट केल्यावर हे हमखास घडतं.

नरसाळं

इथवर सगळं ठीक निघालं तर उठा आणि नरसाळ्यात बघा. एवढ्याने काम भागलेली केंद्रं इतकी आहेत की बाकीचा लेख लिहिला नसता तरी चाललं असतं.

नरसाळ्याच्या तळाचं भोक काही मिलिमीटरचं असतं. त्यात काय काय अडकतं ते ऐका: द्राक्षाच्या पानाचा वाळलेला तुकडा, साळुंकीची विष्ठा, कोळिष्टकं, मेलेले मुंगळे, कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर, आणि उन्हाळाभर बसलेली धूळ. मे महिन्यात हे सगळं कोरडं असतं. पहिल्या सरीला त्याचा लगदा होतो आणि भोकावर चिखलाचं बूच बसतं. पाणी नरसाळ्यात साचून राहतं आणि थेंब थेंब झिरपतं. आलेखात हे इतकं स्पष्ट दिसतं की एकदा बघितलं की विसरायचं नाही: रात्री नऊला पाऊस थांबला, आणि त्यानंतर दर सात मिनिटांनी एक टिप, अगदी घड्याळाच्या काट्यावर, पहाटेपर्यंत. खरा पाऊस कधी इतका शिस्तीत पडत नाही. साचलेल्यातलं काही पाणी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जातं, आणि जोराची सर आली तर नरसाळं भरून काठावरून वाहतं. म्हणून रिमझिम बरोबर येते आणि मुसळधार पाऊस कमी भरतो.

साफ करताना नरसाळं फिरवून किंवा स्क्रू काढून वर उचला, जाळी वेगळी करा, साध्या पाण्याने धुवा, भोकातून मऊ तार किंवा झाडूची काडी घाला. सुई-खिळा घालून भोक मोठं करू नका. खाली दोन कप्प्यांची बकेट दिसेल. तिच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं की पाणी पृष्ठभागावर वेगळं धरतं आणि टिप आधी किंवा उशिरा पडते. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. साबण नको, आणि अक्षाला डब्ल्यूडी-४० किंवा मशीन ऑइल तर अजिबात नको. तेलावर धूळ बसते आणि महिनाभरात बकेट अर्ध्यावर अडकते. बकेट मध्येच अडकलेली सापडली तर 'चार दिवस ०.०'चं कारण मिळालं समजा.

बागेतल्या केंद्रांना आणखी एक त्रास आहे, फवारणीचा. ब्लोअरने मारलेल्या बोर्डो मिश्रणाचा (बुरशीनाशक) आणि गंधकाचा थर नरसाळ्यावर, बकेटवर, तापमानाच्या सेन्सरला उन्हापासून झाकणाऱ्या ताटल्यांवर आणि पानाचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतो. ढग नसताना संध्याकाळी पडलेला ०.४ मिमी पाऊस म्हणजे फवारणी. तो नोंदीतून काढा, आणि त्या वेळेचा पानाचा ओलावाही डाउनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येण्याच्या अंदाजात धरताना विचार करून धरा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढतात तेव्हा आठवड्याला एकदा ओल्या फडक्याने पुसणं हाच उपाय. फवारणीच्या वेळी नरसाळ्यावर पिशवी घालणारे लोक मी बघितलेत, पण ती पिशवी काढायची राहते आणि मग अवकाळी नेमका तेव्हाच येतो. पुसलेलं बरं.

पाणसळ आणि वरचं आभाळ

गवंड्याकडची छोटी पाणसळ घ्या आणि नरसाळ्याच्या काठावर दोन्ही दिशांनी ठेवा. खांब कलला असेल तर नरसाळ्याचं तोंड आभाळाला पूर्ण उघडं राहत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतली बकेट कलते. एक कप्पा लवकर रिकामा होतो, दुसरा उशिरा. काळ्या जमिनीत हे दरवर्षी होतं. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात जमीन फुगते, मे महिन्यात सरळ लावलेला खांब ऑगस्टमध्ये वाकडा. खाली काँक्रीटचा ठोकळा असेल तरच खांब जागेवर राहतो.

मग काठाशी डोळा लावून चारही बाजूंना बघा. नियम सोपा आहे. झाड, भिंत, शेड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा, चौपट मिळालं तर उत्तम. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी असते, तेव्हा केंद्र मोकळ्यावर वाटतं. जुलैत वेल मांडवभर पसरतो आणि तेच केंद्र पानाखाली जातं. आता बागेवर प्लास्टिक आच्छादन घालणारे वाढलेत, त्यांनी तर पर्जन्यमापक आच्छादनाच्या पट्ट्यापासून लांबच ठेवावा, नाहीतर कधी कोरडा आणि कधी प्लास्टिकवरून ओघळणाऱ्या पाण्याचा धबधबा.

गच्चीवर उलटी तऱ्हा. आभाळ मोकळं मिळतं, पण वारा थेंबांना काठावरून उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो. हवामान विभागाचा साधा पर्जन्यमापक जमिनीपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर असतो तो यासाठीच. गच्चीला पर्याय नसेल तर निदान कठड्याच्या कोपऱ्यापासून दूर, मध्यभागी ठेवा, आणि नोंदवहीत 'गच्ची, तिसरा मजला' असं लिहून ठेवा.

शेजारी एक साधा पर्जन्यमापक

वरचं सगळं करूनही संशय राहिला तर पैसे खर्चायची पहिली जागा ही. केंद्राच्या शेजारी हाताने मोजायचा साधा पर्जन्यमापक लावा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. त्याला बॅटरी नाही, वायर नाही, सिमकार्ड नाही. पाऊस १ मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, बस्स. तोही सापडला नाही तर सरळ भिंतीची, सपाट बुडाची काचेची बरणी आणि पट्टी चालेल. बूड गोलसर असलेली बाटली नको.

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की दोन्हींच्या चढत्या बेरजा काढा. पहिल्या दिवसाचा आकडा, मग दोन दिवसांची बेरीज, मग तीन दिवसांची, असं. आलेखाच्या आडव्या अक्षावर हाताची बेरीज, उभ्यावर केंद्राची. दोन्ही यंत्रं नीट असतील तर ठिपके एका सरळ रेषेत येतात. केंद्र पहिल्यापासून सारखंच कमी मोजत असेल तरी रेषा सरळच राहते, फक्त जास्त आडवी होते. तो दोष मापाचा. पण रेषा चालता चालता एका तारखेला मोडली, तर त्या दिवशी काहीतरी घडलंय: नरसाळं तुंबलं, वायर कुरतडली गेली, खांब कलला. तारीख कळली की कारण शोधणं सोपं जातं. जुन्या नोंदींतही हे करता येतं, जवळच्या महसूल मंडळाच्या पावसाशी तुलना करून. ठिपके थोडे विस्कटलेले येतील, पण रेषा कुठे मोडली ते दिसतं. कुठलंही महागडं उपकरण इतकं सांगत नाही.

सलाइनच्या बाटलीची चाचणी

रेषा सरळ पण आडवी आली, म्हणजे माप तपासायचं. रिकामी सलाइनची बाटली आणि तिचा नळीसकट सेट मेडिकलवाल्याकडून घ्या. बाटलीचं बूड कापा, उलटी टांगा, आणि ५०० मिली पाणी ओता. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ५०० ग्रॅम पाणी मोजलं की झालं. नळीवरच्या चाकाने धार अशी लावा की बाटली रिकामी व्हायला तासभर तरी लागेल. पेला भरून एकदम ओतलं तर चाचणी वाया जाते, कारण बकेट पलटत असताना वरून येणारं पाणी भरलेल्याच कप्प्यात जातं आणि मोजलं जात नाही. जोराच्या पावसात टिपिंग बकेट मुळातच थोडी कमी भरते ती याच कारणाने.

आता हिशेब. नरसाळ्याचा आतला व्यास मोजा. व्यास १६ सेंमी असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंमी. ५०० मिलीला २०१ने भागून १०ने गुणलं की २४.९ मिमी. ०.२ मिमीच्या बकेटला सुमारे १२४ टिप पडायला हव्यात. व्यास २० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३१४, पाऊस १५.९ मिमी आणि टिप ८०च्या आसपास. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पहिल्या उदाहरणात ११८ ते १३०. त्याच्या बाहेर गेलं तर पुन्हा एकदा पाणसळ लावा, बकेट धुवा आणि चाचणी परत करा.

बकेटखाली दोन छोटे स्क्रू दिसतील. ते कंपनीने मापासाठी लावलेले असतात. शेजारच्याशी आकडा जुळवायला ते फिरवायचे नाहीत. एकदा फिरवले की मूळ जागा सापडत नाही, आणि आधीच्या वर्षांशी तुलना संपते.

चाचणी करताना लॉगरची वायर काढून ठेवा आणि टिप कानाने मोजा. वायर लागलेली राहिली तर एरवी कोरड्या असलेल्या डिसेंबरात २५ मिमी पाऊस नोंदला जातो, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी त्यावरून अवकाळीचा निष्कर्ष काढतो.

वायर, स्विच, बॅटरी

टिप बरोबर पडतायत पण नोंदत नाहीत, तर दोष बकेट आणि लॉगरच्या मध्ये. बकेटला एक छोटं लोहचुंबक असतं, ते रीड स्विचसमोरून गेलं की क्षणभर सर्किट जुळतं. मल्टिमीटर बीपवर लावा, वायरची दोन टोकं धरा, बकेट हाताने हलकेच पलटवा. दर पलटीला एकच बीप हवा. कधी बीप, कधी शांतता असेल तर स्विच किंवा जोड गेलाय. सतत बीप म्हणजे स्विच चिकटलाय. दोन बीप येत असतील तर पाऊस जास्त दाखवणारं केंद्र तुमचंच.

वायर हातात धरून पूर्ण लांबी बघत जा. खार आणि उंदीर कुरतडतात, रोटाव्हेटर तोडतो, आणि नुसती काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात पाणी पितो. तांब्याचं टोक हिरवट काळं झालेलं दिसलं तर ते गंधक आणि ओलाव्याचं काम. कापून, घासून, सोल्डर करून, वर हीटश्रिंक नळी चढवा.

बॅटरी पहाटे मोजा, ऊन पडायच्या आधी. सोलर पॅनेल चार्ज करत असताना आकडा फसवा येतो. १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी भरलेली असेल तर १२.६-१२.७ दाखवते, १२.० म्हणजे तळाला आलीय, ११.८च्या खाली संपलीच. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस असले की हे होतं, पण आपल्याकडे जास्त नुकसान हिवाळ्यात होतं. म्हातारी बॅटरी पहाटे तीनला बंद पडते आणि आठला उन्हावर पुन्हा उठते. दिवसाचं किमान तापमान मात्र सूर्योदयाच्या सुमाराला असतं, ते नोंदलंच जात नाही. मग यादीत त्या दिवसाचं किमान म्हणून रात्री अडीचचं तापमान बसतं. निफाडच्या कुंदेवाडी केंद्राचा पारा घसरल्याची बातमी येते आणि तीन किलोमीटरवरच्या बागेत म्हणे थंडीच नव्हती. किमान तापमान बघताना ते किती वाजता नोंदलं तेही बघा. अशी केंद्रं तिथेच सापडतात.

पॅनेल पुसा, दक्षिणेकडे साधारण २० अंश कललेलं आहे ना बघा. १ जानेवारी २००० उगवत असेल तर लॉगरमधला नाण्यासारखा सेल संपलाय, घड्याळाच्या दुकानात मिळतो. सिमचा रिचार्ज संपला असेल तर घाबरू नका. बहुतेक लॉगर नोंदी आत साठवतात, पाठवायच्या राहतात एवढंच.

तापमान, आर्द्रता आणि बाकीचं थोडक्यात

दुपारचं तापमान जास्त येत असेल तर पांढऱ्या ताटल्या धुवा, आणि खाली पत्रा किंवा स्लॅब आहे का बघा. सेन्सर जमिनीपासून १.२५ ते २ मीटरवर, शक्यतो गवतावर हवा. आर्द्रता कायम १००वर अडकली असेल तर मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थोडंसं पाणी घालून जाडसर लगदा, तो आणि सेन्सर एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर. मीठ सेन्सरला लागू द्यायचं नाही. सकाळी ७५ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा. ८५ किंवा ६५ असेल तर सेन्सर बदला, तो दुरुस्त होत नाही. हवेचा दाब ९४५च्या आसपास बघून दचकू नका, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. बातम्यांतला १०१० हा समुद्रसपाटीला आणलेला आकडा असतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

केंद्र तुमच्या मालकीचं नसेल तर कुंपणाच्या आत पाऊलही टाकू नका. महावेध या राज्य सरकारच्या प्रकल्पाची केंद्रं महसूल मंडळांसाठी आहेत, त्यांच्या आकड्यांवर ६५ मिमीची अतिवृष्टी ठरते, आणि हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाईही अशाच संदर्भ केंद्रांवरून निघते. चांगल्या हेतूने नरसाळं साफ केलं तरी छेडछाडीचा आरोप येऊ शकतो. बाहेरून तारीख-वेळेसकट फोटो काढा, आपल्या साध्या पर्जन्यमापकाच्या नोंदी जोडा, तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

स्वतःचं केंद्र असलं तरी पुढच्या कामांना हात लावायचा नाही. वारा मोजणाऱ्या सेन्सरसाठी उंच खांबावर चढणं, विशेषतः वरून विजेची लाइन जात असेल तर. आभाळात गडगडाट असताना खांबाजवळ जाणं. वीज पडल्यानंतर लॉगरमधून जळका वास येणं, कारण तेव्हा एकच भाग गेलेला नसतो. घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या अडॅप्टरमध्ये पाणी शिरणं. मापाचे स्क्रू लावणं. आणि गारपिटीनंतर, २६ नोव्हेंबर २०२३ला निफाड भागात झाली तशी, ताटल्यांना तडे गेले असतील तर एम-सीलने चिकटवत बसू नका, अख्खा संच बदलून घ्या. चीर पडलेल्या ताटलीतून ऊन थेट सेन्सरवर जातं.

साफसफाई, पाणसळ, सलाइनची चाचणी, बॅटरी आणि बीप, इतकं झाल्यावरही आकडे फसवत असतील तर दोष लॉगरच्या आत किंवा बकेटच्या मापात आहे. कंपनीच्या माणसाला बोलवा आणि चाचणीचे आकडे त्याच्या हातात द्या. '५०० मिलीला १२४च्या जागी ९८ टिप, बीप मात्र प्रत्येक टिपला' एवढं सांगितलं की तो सेन्सर बदलायला सांगण्याआधी विचार करतो. काम झाल्यावर त्याच्याच समोर बाटली पुन्हा टांगा.

मधल्या दिवसांचं काय करायचं

बिघाड सापडला, दुरुस्तही झाला. उरतो तो बिघडलेल्या दिवसांचा प्रश्न. तिथे ०.० लिहू नका. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता, कोरा रकाना म्हणजे मोजलंच नाही. एकदा शून्य लिहिलं की पाच वर्षांनी कुणालाच फरक सांगता येत नाही. शेजारच्या केंद्राचा आकडा उचलून भरणं तर त्याहून वाईट, निदान आपल्या जिल्ह्यात, जिथे दोन गावांत पाऊस बदलतो. शेजारी हाताचा पर्जन्यमापक असेल तर त्याचा आकडा घ्या आणि पुढे 'हातमोजणी' लिहा. चाचणीत केंद्र पंधरा टक्के कमी निघालं म्हणून मागचे सगळे आकडे गुणून वाढवू नका. मूळ आकडे तसेच ठेवा, शेऱ्यात चाचणीची तारीख आणि निकाल लिहा. महिन्याच्या बेरजेपुढे किती दिवसांची नोंद नाही ते लिहा, आणि हंगामाच्या बेरजेपुढेही.